‘गहाळ’ की ‘हिसकावला’?

(पत्रातले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आदरणीय ताई,

मी पुण्यात लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. क्रिमिनॉलॉजी आवडतं म्हणून कॉलेजमार्फत एका पोलीस ठाण्यात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. रोज ४ तास, ३० दिवस, एकूण १२० तास. त्यातले १३ दिवस झाले. वाटलं होतं तपास बघायला मिळेल. मिळालं काय, तर झेरॉक्स, पासपोर्टच्या फायली लावणं आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज टाईप करणं. सगळे नीट वागतात, ‘मॅडम’ म्हणतात, चहा देतात. पण मी तिथे नेमकी कोण, हेच कळत नाही.

परवा एक भाजीवाल्या मावशी आल्या. बाईकवरच्या दोघांनी त्यांच्या हातातला मोबाईल हिसकावून नेला होता. ठाणे अंमलदार म्हणाले, “गहाळ म्हणून दाखला देतो, सिमकार्ड मिळून जाईल.” मावशी बरं म्हणाल्या. अर्ज मीच टाईप केला : ‘बाजारात गर्दीमध्ये मोबाईल कुठेतरी पडून गहाळ झाला.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. काल एका छाप्याहून पथक परत आल्यावर मला विचारलं, “एक पंच कमी पडतोय, सही करता का?” क्लास आहे असं सांगून मी निघाले.

आई म्हणते, शहाण्या माणसानं कोर्टाची पायरी चढू नये आणि मुलीनं पोलीस स्टेशनची तर नाहीच, सोडून दे. सोडू का? आणि मावशींचं काय करू?

तुमची,
ऋ.

ता. क. मंगळवारी मागच्या खोलीत एका मुलाला नेलं होतं. मारल्याचे आवाज येत होते. त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

*

प्रिय ऋ.,

तुझं पत्र मी खालून वर वाचलं. २६ वर्षं सरकारी वकिली केल्यावर एवढी सवय लागते. माणसं सगळ्यात जड गोष्ट ताजा कलम करून लिहितात, कोर्टात तर उलटतपास संपून पिंजऱ्यातून उतरता उतरता सांगतात. त्या मुलाबद्दल सदर छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुला त्याच दिवशी चार ओळी कळवल्या. ते सविस्तर शेवटी लिहिते. आधी मावशी, कारण तिथे कागदाला तुझा हात लागलाय.

तुला झोप लागली नाही हे बरं झालं. तू लिहिलंस ते खोटं होतं आणि ते तुला टाईप करतानाच कळलं होतं. हातातली वस्तू झटक्यात ओढून पळणं याला १ जुलै २०२४ पासून कायद्यात स्वतःचं नाव आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ काढून बघ. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र. जुन्या दंड संहितेत याला असं स्वतंत्र कलम नव्हतं, चोरी किंवा जबरी चोरीत बसवावं लागायचं. आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवायचीच, हे ललिता कुमारी प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगून ठेवलंय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १७३(३) ची एक पळवाट आहे असं तुला कुणीतरी सांगेल, ३ ते ७ वर्षांच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशी करता येते म्हणून. येते, पण उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन आणि १४ दिवसांत. ‘गहाळ’ हा शब्द त्या कलमात कुठेही नाही.

मग अंमलदारानं असं का केलं? त्याला राक्षस समजू नकोस. एफआयआर म्हटलं की नंबर पडतो, तपासी अंमलदार नेमावा लागतो, घटनास्थळाचा पंचनामा येतो, केस डायरी येते आणि दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये वरचे साहेब विचारतात, “हिसकावण्याचे दाखल किती, उघड किती?” गहाळचा दाखला दोन मिनिटांत होतो. समोरचा माणूस कदाचित बंदोबस्तावरून थेट ड्युटीला बसलेला असतो. (मुंबईत देवनारला २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा त्याची बातमी झाली होती. आठ तास काम करणं ही ज्या खात्यात बातमी होते, त्या खात्यातला हा माणूस आहे.) मावशींनाही सिम हवं होतं, गिऱ्हाईकांचे पैसे त्या नंबरावर येतात. म्हणजे सगळे राजी. म्हणून तर ही सवय मोडत नाही.

ती कुणाच्या अंगावर येते ते सांगते. एका तालुक्याच्या कोर्टात माझ्याकडे साखळीचोरीचा खटला होता. टोळी पकडली गेली, सोनाराकडून माल निघाला, बाईनं स्वतःची साखळी ओळखली, कडीला दिलेला डाग तिच्या लक्षात होता. खटला मला हातातला वाटत होता. बचावाचे वकील उठले आणि त्यांनी एकच कागद पुढे केला. घटनेच्या दिवशी ठाण्यात दिलेला अर्ज, खाली बाईंचा अंगठा : ‘यात्रेत साखळी पडून गहाळ झाली.’ “हा अंगठा तुमचा?” “हो.” “साखळी पडली होती?” बाईनं माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, “त्यांनी लिहिलं, मी अंगठा दिला.” आरोपी सुटले. तो अर्ज कुणीतरी लिहिला होता. वाईट हेतू नसावा त्याचाही, घाई असेल.

ठाण्यात तू शिकायला गेली आहेस ते हे आहे. तपास कसा करतात ते पुस्तकात आहे, अर्धवट का होईना. टेबलाच्या त्या बाजूला बसलेलं माणूस तोंडानं काय बोललं आणि कागदावर काय उतरलं, यातलं अंतर पुस्तकात नाही. माणूस म्हणतं ‘दारू पिऊन केस धरून ओढलं’, कागद म्हणतो ‘किरकोळ घरगुती कारणावरून शिवीगाळ’ आणि एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याचा, नंबर पडतो. तोंडी खबर लिहून घ्यायची आणि देणाऱ्याला वाचून दाखवायची, हे त्याच कलम १७३ मध्येच आहे. रोज तुझ्यासमोर जे वाचून दाखवलं जातं, किंवा जात नाही, ते मोज. झेरॉक्स काढतानासुद्धा वाच. एफआयआरच्या छापील नमुन्यात गुन्हा घडल्याची वेळ, ठाण्यात खबर आल्याची वेळ आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक असे रकाने असतात, उशीर झाला असेल तर त्याचं कारणही. माझे कित्येक खटले त्या रकान्यांत बुडालेत. तुला कंटाळवाणी वाटणारी ती फाईल तीन वर्षांनी कुणीतरी वकील भिंगानं वाचणार आहे, कदाचित तूच.

आता करायचं काय. पुढच्या वेळी असं झालं तर भाषण देऊ नकोस, कलम तर अजिबात सुनावू नकोस. कीबोर्डवर हात ठेवून साधेपणानं विचार, “दादा, त्या हिसकावला म्हणतायत, तसंच टाकू ना?” एवढंच. दहापैकी काही वेळा अंमलदार “टाका” म्हणेल, कारण कुणीतरी ऐकलंय हे त्याला कळतं. “गहाळच टाका” म्हणाला तर, “मग हा तुम्हीच घ्या, मला चुकीचं टाईप करायला नको वाटतं,” म्हणून खुर्चीतून ऊठ. आवाज न चढवता.

या मावशींसाठी तुझ्या देखरेखीला जे अधिकारी दिलेत त्यांच्याकडे जा, गर्दी नसताना. आणि असं सांग : “सर, परवाच्या अर्जात माझ्याकडून चूक झाली. त्या मोबाईल हिसकावला म्हणाल्या होत्या, मी गहाळ टाईप केलं.” चूक स्वतःकडे घे. एक तर ती खरीच तुझी आहे, आणि दुसरं, यानं साहेबांना अंमलदाराचं तोंड न पाडता दुरुस्तीची वाट मिळते. पोलीस खात्यात कुणाचं तोंड न पाडता झालेली दुरुस्तीच टिकते, हे माझं मत. तुझ्या प्राध्यापकांना ते भेकडपणाचं वाटेल, वाटू दे.

साहेबांनी झटकलं तर मावशींच्या हातात वाटा आहेत. लेखी तक्रार पोस्टानं वरिष्ठांकडे पाठवता येते, पुण्यात म्हणजे उपायुक्तांकडे. तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. त्यासाठी वकील फुकट मिळतो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत त्यांना विनामूल्य मिळायला हवी. आणि फोनचा आयएमईआय नंबर केंद्राच्या संचार साथी पोर्टलवर टाकून तो हँडसेट बंद पाडता येतो, हे तर कुणीही सांगू शकतं. फक्त एक कर : ठाण्याच्या रजिस्टरमधून त्यांचा नंबर उतरवून परस्पर फोन करू नकोस. तो नंबर त्यांनी पोलिसांना दिलाय, तुला नाही. मंडईत मेथी घ्यायला गेलीस, त्यांनी ओळखलं आणि विचारलं, तर खरं ते सांग.

पंचाच्या सहीचं मात्र क्लासचं निमित्त दुसऱ्यांदा चालणार नाही. झडतीला पंच म्हणून त्या भागातली दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसं घ्यायची असा कायदा आहे. तू स्वतंत्र नाहीस, त्यांच्याच टेबलावर चहा पितेस. आणि तू छाप्याला गेलीच नव्हतीस! न बघितलेल्या जप्तीवर सही करणं म्हणजे खोटा पुरावा उभा करायला हात लावणं, याला दुसरा शब्द नाही. ठाण्याशेजारचा टपरीवाला, रिक्षा स्टँडवरचा ओळखीचा पोरगा, असे ठरलेले पंच मी पुष्कळ पाहिलेत. उलटतपासात पहिला प्रश्न येतो, “याआधी किती केसमध्ये पंच होतात?” आणि जप्ती तिथेच ढासळते. तुझ्याबाबतीत तर, “त्या महिन्यात आपण त्याच ठाण्यात कामाला होतात ना, मॅडम?” एवढं पुरे. तोवर तू कुठेतरी नोकरीला असशील, समन्स घेऊन हवालदार तुझ्या घरी जाईल आणि आईला घाम फुटेल. म्हणून आजच कॉलेजच्या समन्वयकांकडून लेखी घे की विद्यार्थ्यांनी पंच, साक्षीदार किंवा कुठल्याही तपासाच्या कागदावर सही करायची नाही. तो कागद पर्समध्ये ठेव. “कॉलेजची परवानगी नाही” हे उत्तर पोलिसांना लगेच समजतं, त्यांचंही अर्धं आयुष्य परवानगीवर चालतं.

तू तिथे कोण, हा प्रश्न तुझ्या आधी बऱ्याच जणींनी सोडवलाय. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. शिकलेल्या समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात, त्यांच्याच शेजारी टेबल टाकून बसू लागल्या. त्या पोलीस नव्हत्या. बाईच्या वकीलही नव्हत्या. नवऱ्यानं हाकललेली बाई आली की आधी तिचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग पोलिसांकडून जे करून घ्यायचं ते पाठपुरावा करून घ्यायच्या. पुढे तो कक्ष राज्यभर आणि राज्याबाहेरही गेला. अशा एका कक्षात जमलं तर दोन दिवस बसायची परवानगी माग. मुद्देमालाची खोली बघ, सीलवरचं लेबल कसं लावतात ते बघ. कोर्टाच्या कामाचे जे पैरवी अधिकारी असतात त्यांच्याबरोबर एक दिवस जा. मागितल्याशिवाय यातलं काहीच मिळत नाही, आणि झेरॉक्सच्या मशीनशी मुकाट्यानं उभी राहणारी मुलगी सगळ्यांनाच सोयीची असते.

मोबाईल बाहेर काढून फोटो, स्टेटस, रील, काहीही नको. मैत्रिणीला “आज आमच्याकडे एक केस आली” म्हणूनही नको. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यांची कलमं वेगळी. रोजची वही ठेव, पण तिच्यात नावं, पत्ते, गुन्हा नंबर लिहू नकोस.

आता ताजा कलम.

तुला कळवलं होतं तेच इथे पुन्हा, तुझ्यासारख्या इतरांसाठी. पहिल्यांदा, जे कळलं ते लिही आणि दोन भागांत लिही. बघितलं काय : मंगळवारी किती वाजता, कोणत्या खोलीत, मुलाला कोण घेऊन गेलं, तो कसा दिसत होता. ऐकलं काय : आवाज, शब्द, किती वेळ. ‘मारलं’ हा निष्कर्ष आहे, तो खाली वेगळा लिही. खोटं ठरवायला येणारा माणूस आधी निष्कर्षावर बोट ठेवतो. हे टिपण वहीतल्या नेहमीच्या नोंदींत मिसळू नकोस.

दुसरं, हे तू एकटीनं ठाण्यात विचारायचं नाहीस. समन्वयक शिक्षकांना ईमेलनं कळव, म्हणजे तारीख राहते. शिक्षकांनी काय करायचं, असं तुला वाटेल. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते कायद्याच्या चार अभ्यासकांनी. त्यातून उठलेल्या चळवळीनं १९८३ मध्ये कायदा बदलला. तुझ्या कॉलेजनं तेवढं मोठं काही करायला नको, एक पत्र वरिष्ठांना पाठवायचं आहे. मुलगा १८ च्या आतला असेल, आणि तुझ्या वर्णनावरून तशी शंका घ्यायला जागा आहे, तर बाल न्याय कायद्याचं कलम १० सरळ सांगतं की त्याला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत ठेवायचं नाही, विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. १०९८ वर कुणीही फोन करू शकतं. राज्य मानवी हक्क आयोग आहे. पोलीस सुधारणांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या प्रकाश सिंह निकालानंतर राज्यानं २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून आणलेलं पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. आणि घाई अशासाठी की पुरावा पुसला जातो. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालाप्रमाणे ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण १८ महिने जपायला हवं, पण ‘त्या दिवशी यंत्र बंद होतं’ हे वाक्य मी निवृत्त व्हायच्या आधीच जन्माला आलं होतं. जपून ठेवण्याची लेखी मागणी जितकी लवकर जाईल तितकं ते वाक्य लिहिणं अवघड.

यानं तुझी उरलेली १७ दिवसांची जागा जाऊ शकते. सर्टिफिकेटही. हे मी लपवणार नाही. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, तेही छातीठोकपणे सांगत नाही, कारण मी काय केलं ते मला माहीत आहे. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी रिमांडला एक आरोपी आणला होता, पाय ओढत चालत होता. न्यायाधीशांनी विचारलं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” तो म्हणाला, “नाही.” कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या नोंदीत, ‘तक्रार नाही’ असं उतरलं. मी उभी होते. मी फाईल चाळत राहिले.

तर सोडू नकोस. शिक्षक पाठीशी उभे राहिले तर ३० दिवस पुरे कर. नाही राहिले, किंवा पुन्हा सहीचा आग्रह झाला, तर त्याच दिवशी बाहेर पड आणि कारण लिहून दे. ‘वैयक्तिक अडचण’ असं लिहू नकोस, तोही एक ‘गहाळ’च आहे. आईला माझा नमस्कार सांग. म्हण खोटी नाही, पण ज्यांना ती पायरी चढावीच लागते त्यांना आत कुणीतरी ऐकणारं लागतं.

पैरवी अधिकाऱ्यांबरोबर कोर्टात जायला मिळालं तर रिमांडच्या वेळी जा आणि बाजूच्या बाकावर बस, जिथून आरोपीचा चेहरा दिसेल. “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” हा प्रश्न येईल. उत्तर देण्याआधी तो कुणाकडे बघतो, ते बघ. मग रोजनाम्यात काय उतरलं ते वाच, आणि मला लिही.

तुझी,
ताई